अण्णांचा पेसमेकर बदलला त्याची हकीकत

पेसमेकर बसवलेला माणूस ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. आमच्या कल्याणच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडे आहेत आणि त्यांत तीन पेसमेकर सुखाने नांदतात. तळमजल्यावरच्या आजी तर आल्यागेल्याला "मला पेशवेकर बसवलाय हो" असे कौतुकाने सांगतात. मी कॉलेजात मराठी शिकवते, तेव्हा त्यांचा उच्चार मी सुधारावा अशी त्यांच्या सुनेची अपेक्षा असते. पण परिभाषावाल्या मंडळींनी गतिनियामक, स्पंदकारक असे कितीही शब्द घडवले तरी 'पेशवेकर'ची सर त्यांना यायची नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

तर पेसमेकर बसवणे म्हणजे काय, हे आताशा घरोघरी थोडेफार ठाऊक असते. तो बदलणे म्हणजे काय, हे मात्र ज्याच्यावर पाळी येते त्यालाच कळते. बसवताना विचार करायला सवडच नसते. माणूस चक्कर येऊन पडलेला असतो, नाडी मंदावलेली असते, आणि डॉक्टर जिथे सांगतील तिथे आपण सह्या करतो. बदलण्याची गोष्ट निराळी. माणूस चांगला चालता-बोलता असतो, सकाळचा पेपर वाचत असतो, आणि त्याला सांगण्यात येते की तुमच्या छातीतला सेल आता संपत आला आहे. घाबरायला, दहाजणांना विचारायला, नको म्हणायला, सगळ्याला वेळच वेळ! आमच्या अण्णांनी २०२५ च्या जानेवारीत यांतल्या शेवटच्या गोष्टीसाठी तो वेळ वापरायचे ठरवले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मध्य रेल्वेत छत्तीस वर्षे होते, त्यांतली बरीचशी स्टेशनमास्तर म्हणून. २०१४ च्या श्रावणात भाजी आणायला गेले आणि बाजारातच पडले. नाडी मिनिटाला चौतीस. डॉक्टरांनी निदान केले, 'कम्प्लीट हार्ट ब्लॉक'. आम्ही बाकीचे रडकुंडीला आलेलो. पण 'ब्लॉक' हा शब्द कानी पडताच अण्णांना एकदम आपल्या माणसांत आल्यासारखे वाटले. त्यांनी वॉर्डातल्या शेजाऱ्याला आजार समजावून दिला तो असा: "हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात मुख्य केबिन असते. तिथून मिनिटाला साठ-सत्तर वेळा लाइन क्लिअर निघते. मधल्या जंक्शनवर ती किंचित थांबते, वरचे डबे खाली रिकामे व्हावेत म्हणून, आणि मग खालच्या दोन कप्प्यांकडे जाते. माझी केबिन ठणठणीत आहे. मधली तार तुटलीय. खालच्या स्टेशनला निरोपच पोचत नाही, म्हणून ते आपल्या अकलेने मिनिटाला तीस-पस्तीस गाड्या सोडतंय." डॉक्टर मागे उभे राहून ऐकत होते. आपणही यापुढे असेच सांगू, असे ते म्हणाले.

पेसमेकर करतो ते एवढेच. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काड्यापेटीहून लहान अशी एक टायटॅनियमची डबी असते. वजन पंचवीस-तीस ग्रॅम. तिच्यातून निघालेल्या एक किंवा दोन तारा शिरेतून हृदयात उतरतात. वरून निघालेला निरोप डबी ऐकते आणि खाली पोचवते. निरोप आलाच नाही तर स्वतः देते. आमच्या अण्णांना दोन तारा होत्या. दिवसाला एक लाख ठोके म्हटले तर साडेदहा वर्षांत त्या डबीने अडतीस कोटींच्या आसपास ठोके दिले. अण्णांनी हा हिशेब पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर मांडून ठेवला आहे.

या यंत्राचा जन्मही मोठा गमतीचा आहे. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधल्या स्टॉकहोमजवळच्या कॅरोलिन्स्का इस्पितळात आर्ने लार्सन नावाच्या त्रेचाळीस वर्षांच्या गृहस्थांना जगातला पहिला पूर्णपणे शरीराच्या आत बसणारा पेसमेकर बसवला गेला. रुने एल्मक्विस्ट या अभियंत्याने तो तयार केला होता आणि ओके सेनिंग या शल्यविशारदाने बसवला. त्याचा ओतीव साचा म्हणून वापरली होती चक्क बूटपॉलिशची डबी! लार्सनसाहेबांची शुद्ध दिवसातून कितीतरी वेळा हरपत असे, आणि त्यांच्या पत्नीने या दोघांचा पिच्छा पुरवला म्हणून हे काम झाले. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. लगेच दुसरे बसवले. पुढे या गृहस्थांना आयुष्यभरात वीसहून जास्त पेसमेकर बसले, आणि अभियंता व सर्जन दोघेही निवर्तल्यावर, २००१ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी ते वारले. तेही हृदयाने नव्हे, कर्करोगाने. ही हकीकत मी अण्णांना वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "वीसदा? मग बायको फारच चिवट असली पाहिजे." आईने आतून भांडे जरा जोरात ठेवले.

सुरुवातीच्या यंत्रांतले पाऱ्याचे सेल दोन वर्षांच्या आतबाहेर टिकत. १९७० नंतरच्या दशकात लिथियमचे सेल आले आणि आयुष्य एकदम वाढले. आता साधारणपणे सात ते बारा वर्षे धरावीत. ज्याचे हृदय अधूनमधूनच यंत्राला हाक मारते त्याचा सेल जास्त पुरतो. अण्णांसारख्या प्रत्येक ठोक्याला यंत्रावर विसंबलेल्या माणसाचा कमी. मग नुसता सेल का बदलत नाहीत, असा प्रश्न सगळेच विचारतात. कारण डबी झाळून कायमची बंद केलेली असते. शरीरातला ओलावा आत शिरू नये म्हणून ती उघडण्याची सोयच ठेवलेली नाही. तेव्हा सेल संपला की डबी बदलायची. तारा मात्र चांगल्या असतील तर त्याच राहतात, आणि सारा फरक इथेच आहे. पहिल्या वेळी तारा शिरेतून हृदयात नेणे हे नाजूक काम असते. दुसऱ्या वेळी ते नसते.

आणखी एक भीती सार्वत्रिक असते: रात्री झोपेत सेल संपला तर? विजेरी विझते तसा हा सेल पटकन विझत नाही. त्याचा दाब हळूहळू उतरतो, आणि ठराविक पातळीला आला की यंत्र स्वतःच 'आता बदला' अशी खूण देते. त्या खुणेनंतरही साधारण तीन महिन्यांची बेगमी शिल्लक असते. मात्र ही खूण वाचायला तपासणीला जावे लागते. यंत्राला तोंड नाही. काही कंपन्यांची यंत्रे खूण लागली की काटकसर सुरू करतात, दोन तारांऐवजी एकीवरच काम चालवतात, आणि माणसाला उगीचच थकवा येतो. अण्णांचे तेच झाले. पौषात जिना चढताना दम लागू लागला. "थंडी बाधतेय" म्हणाले. ठरलेल्या सहामाही तपासणीला गेलो, तिथल्या मुलीने छातीवर साबणाच्या वडीएवढे उपकरण ठेवले, संगणकातून लांबलचक कागद निघाला, आणि तिने तो मुकाट्याने नेऊन डॉक्टरांपुढे ठेवला.

घरी आल्यावर अण्णा म्हणाले, "मला नाही बदलायचं."

त्यांचे म्हणणे सरळ होते. वय एकोणऐंशी. यंत्राने करारापेक्षा जास्त सेवा दिली. आता ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी थांबू द्या. "आणि ते यंत्र चालू राहिलं तर माणसाला धड मरताही येत नाही म्हणतात," हे त्यांनी आईकडे न बघता सांगितले. आई काही बोलली नाही. ती रात्री उठून त्यांच्या छातीवर हात ठेवून बघते, हे मला ठाऊक आहे. त्या रात्री तिने किती वेळा पाहिले असेल कोण जाणे.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. डॉक्टर चाळिशीचे, बोलायला मोकळे. त्यांनी अण्णांना उपदेश केला नाही. म्हणाले, "काका, आधी तुमचे स्वतःचे ठोके किती आहेत ते पाहू." मग यंत्राचा वेग त्यांनी पायरीपायरीने खाली आणला. साठ, पन्नास, चाळीस. तिसाला अण्णांनी खुर्चीचा हात घट्ट धरला, चेहरा पांढरा पडला, आणि डॉक्टरांनी ताबडतोब वेग वर नेला. "पाहिलंत? सेल संपला तर तुम्ही शांतपणे जाल असं धरून चालू नका. बहुधा आधी पडाल. खुब्याचं हाड मोडेल. अंथरुणाला खिळाल. थकवा वाढेल, पाय सुजतील. आणि दुसरं, हे यंत्र कोणाला मरणापासून अडवत नाही. ते फक्त निरोप देतं. शरीर दुसऱ्या कशाने थकलं की हृदयाचा स्नायू निरोप ऐकेनासा होतो. यंत्र निरोप देत राहतं, पण गाडी हलत नाही."

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे सिग्नल पडलेला, आणि इंजिनात वाफ नाही."

"अगदी तसंच. तरीही नको म्हणायचा हक्क तुमचा आहे, काका. पण पडण्याच्या भीतीने तीन महिने घालवण्यापेक्षा एक तास टेबलावर झोपणं बरं, असं माझं मत."

अण्णांनी तारीख विचारली. आईने त्या दिवशी पहिल्यांदा डॉक्टरांकडे नीट पाहिले.

आता तयारीचे. रक्ताच्या तपासण्या आणि कार्डिओग्राम होतोच. पण सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी, जिला सगळे 'टूडी एको' म्हणतात, तीही झाली आहे ना हे विचारावे. वर्षानुवर्षे यंत्रावर चालणाऱ्या काही हृदयांची ताकद उतरते; तसे असेल तर नवे यंत्र निराळ्या जातीचे, जास्तीच्या तारेचे लागू शकते, आणि तो निर्णय टेबलावर नव्हे, आधी व्हायला हवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने, किंवा शेजारच्यांच्या मनाने, बंद करू नयेत. काही गोळ्या थांबवतात, काही तशाच चालू ठेवतात. डॉक्टरांकडून ते कागदावर लिहून घ्यावे. जखम, गळू, ताप, दाढेचा पू, काही असेल तर लपवू नये. बदलण्याच्या शस्त्रक्रियेत तारांचे काम नसले तरी जुन्या कप्प्यात पुन्हा हात घालायचा असल्याने जंतू शिरण्याची भीती पहिल्या वेळेपेक्षा थोडी जास्तच असते.

पैशांचे बोलायचे तर इस्पितळाकडून अंदाजपत्रक मागताना डबीची किंमत वेगळी लिहून घ्यावी. आमच्या पहिल्या अंदाजपत्रकात दोन नव्या तारांचीही किंमत लागली होती. विचारल्यावर ती निमूट निघाली. जुने कार्ड शोधून त्यावरची हमीची मुदत पाहावी. शासकीय योजनेत किंवा विम्यात हे बसते का, ते दाखल होण्यापूर्वी विचारावे. आणि विक्रेते ज्या एका गोष्टीचा फार गाजावाजा करतात तिच्याविषयी दोन शब्द. एमआरआय चालणारा पेसमेकर म्हणून जास्त पैसे सांगतात. डबी आणि तारा अशी सगळी जोडीच त्या जातीची असेल तर ते खरे. जुन्या तारा तशा नसतील, किंवा दुसऱ्या कंपनीच्या असतील, तर नुसत्या नव्या डबीने ते प्रमाणपत्र मिळत नाही. जोडणीची टोके ठराविक मापाची असल्याने एका कंपनीची तार दुसरीच्या डबीत बसते खरी, पण बसणे निराळे आणि एमआरआयला मान्य होणे निराळे. हे आम्हांला डॉक्टरांनीच सांगितले, विक्रेत्याने नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी उपाशीपोटी जावे लागते. छाती साफ करतात, शिरेतून जंतुनाशक औषध देतात. पूर्ण भूल नसते. जागा बधिर करणारे इंजेक्शन आणि थोडी गुंगी, एवढेच. अण्णांच्या बाबतीत एक जास्तीची गोष्ट केली. ते पूर्णपणे यंत्रावर विसंबलेले असल्याने जांघेतल्या शिरेतून एक तात्पुरती तार आधी हृदयात नेऊन ठेवली, म्हणजे जुनी डबी सुटून नवी जोडली जाईपर्यंत तिने गाडी चालवावी.

पुढचे अण्णांच्या तोंडून ऐकलेले. तोंडावर हिरवे कापड येते आणि थोडे गुदमरल्यासारखे वाटते. सांगितले तर ते उचलून धरतात. इंजेक्शन चांगलेच झोंबते. नंतर दुखत नाही, पण कोणी खिशात हात घालून घट्ट बसलेली वस्तू ओढून काढतेय असे वाटते. साडेदहा वर्षांत डबीभोवती शरीराने आपली पिशवी विणलेली असते; ती सोडवायलाच जास्त वेळ लागतो. मग लहानशा पेचकसाने तारा सुटतात. प्रत्येक तार तपासून आकडे मोठ्याने सांगितले जातात. "आणि मग कट् कट् असा आवाज आला," अण्णा म्हणाले. "पेच पुरता आवळला की ते हत्यार तसं वाजतं. मी म्हटलं, कपलिंग झालं!" पाऊण तासात काम झाले. बाहेर आम्हांला तो पाऊण तास किती लांब वाटला ते लिहीत नाही. ज्यांनी त्या बाकांवर बसून काढला असेल त्यांना ठाऊक आहे. आईने तेवढ्यात स्वेटरची एक बाही उसवून पुन्हा विणायला घेतली होती.

जांघेतल्या तारेमुळे अण्णांना काही तास पाय सरळ ठेवून पडावे लागले आणि रात्रभर राहावे लागले. ती भानगड नसेल तर पुष्कळांना त्याच दिवशी घरी सोडतात.

घरी आल्यावरचे मात्र नीट ध्यानात ठेवण्याजोगे. जखम आठ-दहा दिवस कोरडी ठेवायची. अंघोळ कमरेखाली, वर ओल्या फडक्याने. थोडे काळेनिळे पडते, ते उतरते. पण सूज टणक होऊन वाढू लागली, लाली पसरली, पाणी किंवा पू आला, ताप आला, तर जिथे शस्त्रक्रिया झाली तिथेच जावे. साचलेले रक्त सुईने काढून देतो असे कोणी म्हणाले तर मुळीच काढू देऊ नये. त्या सुईबरोबर जंतू आत जातात, आणि एकदा ते तारांना चिकटले की सगळेच काढावे लागते. हाताबद्दल लोकांचा गोंधळ होतो. पहिल्या वेळी हात खांद्याच्या वर नेऊ नका म्हणतात ते नव्या तारा सरकू नयेत म्हणून. जुन्या तारा केव्हाच रुजलेल्या असतात. आता जड पिशव्या आणि बादल्या तेवढ्या काही आठवडे टाळायच्या. हात मात्र हलता ठेवायचा. आमच्या शेजारच्या एक बाई घाबरून महिनाभर हात पोटाशी धरून बसल्या आणि खांदा आखडून बसला तो बसलाच.

घरातल्या वस्तूंची यादी करून लोक उगीच भितात. मिक्सर, फ्रिज, टीव्ही, मायक्रोवेव्ह यांनी काही होत नाही. मोबाइल डाव्या खिशात ठेवू नये, वीतभर लांब असावा. इंडक्शनच्या शेगडीवर वाकून उभे राहू नये, दोन फूट अंतर बरे. मॉलच्या किंवा स्टेशनच्या धातुशोधक चौकटीतून सरळ चालत जावे, तिथे थबकू नये. विमानतळावर कार्ड दाखवावे. आणि गणपतीच्या मिरवणुकीतल्या त्या भिंतीएवढ्या कर्ण्यांना टेकून उभे राहू नये; त्यांत मोठाली लोहचुंबके असतात. अण्णा म्हणाले, त्यांच्यापासून लांब राहायला पेसमेकरची काय गरज आहे?

सणासुदीच्या अंकात हे लिहावे की नाही असा विचार केला, पण लिहिते, कारण अण्णांनीच तो विषय काढला. जुनी डबी त्यांनी इस्पितळातून मागून घेतली. साफ करून, पिशवीत बंद करून त्यांनी ती दिली. आमचा धाकटा ती उघडून पाहू म्हणत होता. डॉक्टरांनी बजावले होते की ती फोडू नका आणि आगीत तर कधीच टाकू नका, आगीत तिचा स्फोट होतो. अण्णांनी हे लक्षात ठेवले. त्या रात्री जेवताना म्हणाले, "म्हणजे माझ्या वेळी ही नवी आधी काढून घ्यावी लागेल. स्मशानात कोणाला इजा नको. डॉक्टरला सांगायचं, लहानशी चीर देऊन काढतात. लिहून ठेव." आई "अहो, जेवताना काय हे" म्हणाली, पण मी लिहून ठेवले. दहन करणाऱ्या प्रत्येक घराने लिहून ठेवावे. आणखी एक त्यांना आवडलेली गोष्ट: अमेरिकेतल्या अंत्यसंस्कारगृहांनी दिलेले, सेलात पुरेसा जीव उरलेले पेसमेकर निर्जंतुक करून मुंबईत वांद्र्याच्या होली फॅमिली इस्पितळात त्रेपन्न गरजू रुग्णांना बसवले होते. तो वृत्तान्त २०१२ साली वैद्यकीय नियतकालिकात आला. "माझी तर पार रिकामी झालीय," अण्णा म्हणाले, "नाहीतर दिली असती."

नव्या यंत्राची पहिली तपासणी सहा आठवड्यांनी झाली. कागदावर सेलचे अंदाजे आयुष्य नऊ वर्षे आणि काही महिने असे छापून आले. नवे कार्ड, ज्यावर कंपनीचे नाव, यंत्राचा क्रमांक, बसवल्याची तारीख आणि डॉक्टरांचा फोन आहे, अण्णांनी आपल्या जुन्या रेल्वे पासाच्या कातडी पाकिटात घातले आहे. त्याची एक प्रत आईच्या पर्समध्ये, एक माझ्या मोबाइलमध्ये. पुढची तपासणी सप्टेंबरात होती. ती करून आलो. दम लागत नाही. जिना चढतात. आई रात्री अजून उठते, पण एकदाच.